टप नसलेली गाडी, टपून बसलेलं मांजर

उघड्या जीपमधून लोहगडाच्या दिशेनं सुसाट जायचं स्वप्न सगळेच बघतात. पण तीच जीप रात्री अंगणात उभी असते तेव्हा तिच्यात कोण झोपतं? मळवलीतल्या एका जीपची आणि तिच्या चारपायी पॅसेंजरांची ही गोष्ट...

ओपन जीप म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गॉगल, वाऱ्यावर उडणारे केस, मागे उभं राहून ओरडणारी मित्रमंडळी आणि धुक्यात हरवलेला डोंगर. शनिवारी सकाळी लोणावळ्याच्या बाजूला एक चक्कर टाका, असे ग्रुप हमखास दिसतील. हे वेड काही आजचं नाही. महिंद्रांनी १९४७ साली विलीजची जीप भारतात जोडायला घेतली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. २०१० मध्ये थार आली आणि २०२० मध्ये नवी थार आल्यावर तर ऑफिसच्या चकाचक बेसमेंटमध्येही चिखलाने माखलेले टायर दिसायला लागले. फारच मागे जायचं तर मळवली स्टेशनवरून चालत जाता येईल अशा भाजे लेण्यांत सूर्याचा रथ कोरलेला आहे. चार घोडे, सोबत बायका आणि वर टप नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची ओपन-टॉपच की!

पण या सगळ्या ग्लॅमरमध्ये एक गोष्ट कुणीच सांगत नाही. ना शोरूमवाला, ना फेसबुकवर फोटो टाकणारा मित्र. ज्या गाडीला काचा नाहीत, धड दारं नाहीत आणि डोक्यावर छप्पर नाही, ती गाडी एकट्या मालकाची कधीच नसते. ती गल्लीतल्या प्रत्येक मांजराची असते.

मळवली हे माझं आजोळ. पुणे-लोणावळा लोकल जिथे जेमतेम मिनिटभर थांबते, ते कामशेत आणि लोणावळ्याच्या मधलं छोटंसं स्टेशन. एका बाजूला इंद्रायणी आणि पलीकडे कार्ल्याचा डोंगर. दुसऱ्या बाजूला एक्स्प्रेस वेच्या पलीकडे भाजे, आणि त्यावर पहारा दिल्यासारखे लोहगड-विसापूर. मी फ्रीलान्सर असल्यामुळे 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द फेमस व्हायच्या आधीपासून माझं ऑफिस खांद्यावरच्या सॅकमध्ये असतं. डेडलाइन डोक्यावर आली आणि पुण्यातल्या रूमवर शेजारच्यांचं ड्रिलिंग सुरू झालं की मी लोकल पकडते आणि मामाच्या पडवीत लॅपटॉप उघडते. त्यामुळे पुढचं सगळं मी पडवीतून, अगदी फ्रंट रोमधून बघितलेलं आहे.

गाडी मामाची, मुक्काम त्यांचा

मामाची जीप शौकाची नाही. ती कामाची आहे. शेतातून भाताची पोती आणायची, गिरणीवरून तांदूळ आणायचा, कामशेतच्या बाजाराला जायचं आणि पाहुणे स्टेशनवर उतरले की त्यांना घरी आणायचं. मावळात पिकणारा इंद्रायणी तांदूळ तुम्ही पुण्यात कौतुकाने खाता ना? (हे वाण १९८७ साली आमच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलं, हे जाता जाता.) त्या तांदळाची कितीतरी पोती या जीपने वाहिली आहेत. कॅनव्हासचा हूड कधीच फाटून गेला. राहिल्या त्या लोखंडी कमानी, रेक्झिनच्या सीट्स आणि एक ताडपत्री.

आणि मांजरं. मोजायला गेलं तर पाच. त्यातली मनी ही जरा घरातली. म्हणजे ती आम्हाला आपलं मानते, असं आम्ही मानतो. बाकीची येऊन-जाऊन. सकाळी ताडपत्री ओढली की ड्रायव्हरच्या सीटवर एक, मागच्या बाकड्यावर दोन आणि बॉनेटवर एक बोका. सीटच्या रेक्झिनच्या चिंध्या, आतला स्पंज बाहेर, आणि वास... तो वास एकदा नाकात बसला की कार्ल्यापर्यंत सोबत येतो.

"आगं, गाडी माझी का ह्यांची तेच कळंना झालंय," असं मामा रोज म्हणायचा. मामी म्हणायची, "मुकी जनावरं ती. एवढ्या पावसात जातील कुठं?" या दोन वाक्यांवर आमच्या घरात वर्षानुवर्षं सुखाने भांडण चाललं होतं.

गेल्या पावसाळ्यात मात्र प्रकरण सीरियस झालं. माझी मामेबहीण, म्हणजे ताई, बाळंतपणाला माहेरी येणार होती. स्टेशनवरून घरी येणं, तपासणीसाठी डॉक्टरकडे जाणं, आणि वेळ पडलीच तर रात्री-अपरात्री दवाखाना गाठणं, सगळं याच जीपमधून. आणि जीपच्या पायाशी, मागच्या बाकड्याखाली मांजरांनी चक्क संडास केला होता!

यात नुसता किळसवाण्या वासाचा प्रश्न नव्हता. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. गरोदर बाईला त्याची नव्याने लागण झाली तर ती पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकते. म्हणून लगेच घाबरून मांजरं पोत्यात भरायची गरज नसते. हा परजीवी विष्ठेतून पडला की लागण करण्याच्या अवस्थेत यायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. रोजच्या रोज साफ केलं, ते काम गरोदर बाईने न करता दुसऱ्याने हातमोजे घालून केलं, नंतर साबणाने हात धुतले, तर धोका बराच कमी होतो. शिवाय कच्चंअर्धं मटण आणि न धुतलेली भाजी यातूनही हा पाहुणा घरात येतो, त्यामुळे सगळं पाप मांजराच्या माथी मारायचं कारण नाही. पण दिवसेंदिवस साफ न होणारी जीपची फरशी? ती मात्र चालणार नव्हती. बाकी मंडळी मांजरांवर खार खाऊन होती आणि तिकडे ताईचा रोज फोन, "मी येतेय म्हणून मांजरांना हाकलू नका हं!"

मांजराला हवंय तरी काय?

पत्रकार असल्याचा एक फायदा म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात शिरायची सवय असते. या वेळी डोकं मांजराचं होतं, एवढंच.

मांजराचं शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ज्या हवेत त्याला अंग गरम ठेवायला जास्तीची शक्ती खर्च करावी लागत नाही, ती हवा साधारण ३० ते ३८ अंशांची. आपल्याला ज्या उन्हात घामाच्या धारा लागतात, तिथे ते मजेत लोळतं ते उगाच नाही. आता लोणावळ्याकडचा पाऊस आठवा. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात. चार महिने भिंती ओल्या, लाकूड ओलं, जमीन ओली. अशा वेळी अंगणात एक वस्तू येते, जिचं इंजिन तासभर गरम असतं, जी जमिनीपासून दोन-अडीच फूट वर आहे, जिच्यावर ताडपत्रीचं छप्पर आहे आणि जिच्यात कुत्रा चढत नाही. मांजराच्या दृष्टीने हे फाइव्ह स्टार रिसॉर्ट आहे, आणि भाडं शून्य!

नखांचंही तसंच. सीट ओरबाडताना मांजर तुमच्यावर सूड उगवत नसतं. त्याच्या पंजात गंधग्रंथी असतात. ओरबाडलं की नखांची जुनी साल निघते आणि 'ही जागा माझी' अशी पाटीही लागते. बोका मूत्राची फवारणी करतो तीसुद्धा पाटीच. त्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते हवेत विघटित होत जातं तसा तो जगप्रसिद्ध वास येतो. एकदा पाटी लागली की दुसरा बोका ती वाचतो आणि स्वतःची लावून जातो. आपण पाण्याने धुतो तेव्हा आपल्या नाकाला पाटी पुसल्यासारखी वाटते, त्यांच्या नाकाला नाही.

आणि तो संडास? त्याचं उत्तर जीपच्या फरशीवरच पडलं होतं. तूस. गिरणीवरून येताना पोत्यांतून सांडलेलं भाताचं तूस आणि शेतातल्या बुटांची माती. मऊ, कोरडं, भुसभुशीत, उकरायला सोपं. शहरातली मांजरप्रेमी मंडळी पेट शॉपमधून पिशवीने विकत आणतात ते लिटर दुसरं काय असतं? मामा ते घरपोच आणत होता. शिवाय सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येत होते आणि उंदरांमागे मांजरं. म्हणजे लिव्हिंग रूम, टॉयलेट आणि कॅन्टीन, सगळं एकाच गाडीत.

सल्ल्यांचा पाऊस

मांजर हाकलायचंय असं नुसतं म्हणायची खोटी, सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. गावातल्या प्रत्येकाकडे एक रामबाण होता.

पहिला रामबाण डांबरगोळ्या. नको! त्यातलं नॅप्थलीन मांजराला विषारी असतंच, शिवाय काही नवजात बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटू शकतात. ज्या घरात बाळ येणार तिथे तर बिलकुल नको. दुसरा रामबाण फिनाईल. तेही नको. माणसाचं यकृत फिनॉलसारखी रसायनं निकामी करून बाहेर टाकू शकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारं एन्झाइम पुरेसं नसतं. फरशीवरचं फिनाईल पंजाला लागतं, पंजा ते चाटून साफ करतं आणि विष पोटात जातं. (याच कारणाने आपली साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाचं औषध त्याला कधीही देऊ नका.) तिसरा रामबाण तिखटाची पूड. ती डोळ्यांत जाते. त्यांच्याही आणि वारा सुटला की ड्रायव्हरच्याही.

चौथा रामबाण कुणीतरी दबक्या आवाजात सांगितला, तो इथे लिहीत नाही. मामीने त्याला दारातूनच वाटेला लावलं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. सोन्याचा भाव बघता ती शिक्षा जबरीच आहे. ज्यांचा काशीवर विश्वास नाही त्यांच्यासाठी कायदा आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग मी इंटरनेटवाले उपाय काढले. मोसंबी-लिंबाच्या साली. बऱ्याच मांजरांना तो वास आवडत नाही हे खरं. पण मळवलीच्या पावसात सालीचा वास किती टिकणार? दुसऱ्या दिवशी मनी सालींच्या शेजारी शांत झोपलेली होती. अल्ट्रासॉनिक यंत्रं मिळतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचं ऐकू येतं, त्याचा ही यंत्रं फायदा घेतात. ब्रिटनमधल्या बागांत यावर अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की मांजरांचं येणं काही प्रमाणात कमी होतं. कमी होतं, बंद होत नाही. आणि आमच्याकडे दर पावसात वीज जाते, तेव्हा यंत्र झोपतं आणि मांजर जागं असतं.

मामीचं शिंकं

अखेर गाडी रुळावर आणली ती मामीने, एका वाक्यात. ती म्हणाली, "आमच्या आईच्या घरी दुधाचं शिंकं असायचं. मांजराशी कुणी भांडत नव्हतं. दूध तेवढं वर टांगायचं."

विचार करा, किती सॉलिड फण्डा आहे! आपल्या पणज्यांनी मांजराला शिकवायचा, घाबरवायचा, शिक्षा करायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी जागा बदलली. मांजर होतं तिथेच राहिलं, उंदीर मारत राहिलं, फक्त दूध त्याच्या टप्प्यात राहिलं नाही. जीप काही आढ्याला टांगता येत नाही. पण जीपमधलं जे जे मांजराला हवं होतं, ते एकेक करून काढून घेता येतं.

मग आम्ही तेच केलं. आधी फरशी. गिरणीवरून आलं की पोती उतरवायची आणि त्याच संध्याकाळी तूस झाडून काढायचं. रबरी मॅट टाकली, म्हणजे उचलून धुता येते. जुनी घाण हातमोजे घालून काढली, फरशी उकळत्या पाण्याने धुतली, आणि सीटवरचे डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसले. हा पेट शॉपमध्ये मिळतो आणि वासाच्या मुळाशी जाऊन तो तोडतो. अमोनियावाले क्लीनर टाळले, कारण मूत्राचा वासही त्याच जातीचा, म्हणजे बोक्याला आमंत्रणच.

मग ताडपत्री. सैल ताडपत्री म्हणजे मांजरासाठी झोपाळा आणि पावसासाठी टाकी. कमानींच्या मधोमध एक लांब बांबू आडवा बांधला, त्यामुळे दोन्ही बाजूंना उतार आला. त्यावर नसराळं पाणी थांबत नाही की मांजराला बसायला सपाट जागा मिळत नाही. ताडपत्रीच्या कडेला शिवून घेतलेलं इलॅस्टिक आणि खालून दोरी. जिथून मांजराचं डोकं जातं तिथून अख्खं मांजर जातं, त्यामुळे फटी हाताने चाचपून बघायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बांधण्याआधी आत वाकून बघायचं. नाहीतर मांजर बाहेर ठेवायच्या नादात आत कोंडलं जायचं!

सीटवर आम्ही टोचऱ्या प्लॅस्टिकचं पायपुसणं उलटं टाकलं. लागत नाही, पण बसायला मजाही येत नाही. ड्रायव्हरने बसताना ते काढायचं विसरायचं नाही, हे मामाला एकदाच शिकावं लागलं.

अजून एक गंमत. जीप लावतो त्या भिंतीलगत खोकली उगवली होती. रानात, परसात कुठेही येणारं साधं तण. तिच्या मुळांचं मांजरांना भलतंच वेड असतं. परदेशात कॅटनिप म्हणून जे रोप मांजरांना नाचवतं, तसलीच ही आपली देशी भानगड. आम्ही ती गाडीजवळून उपटली आणि घराच्या मागच्या अंगाला लावली. तिथेच पडवीच्या कोपऱ्यात एक लाकडी खोका ठेवला. जमिनीपासून विटांवर उचललेला, आत थर्माकोल, त्यावर गोणपाट, तोंड पावसाच्या उलट दिशेला. आणि थोड्या अंतरावर एका पसरट घमेल्यात तूस. जे जीपमध्ये मिळत होतं ते सगळं तिथे. फक्त गाडी नाही.

आणि मग मनीने...

सगळं जमतंय असं वाटत असताना, ताई यायच्या नऊ दिवस आधी, बाकड्याखालच्या खणात तीन पिल्लं सापडली. डोळे मिटलेली. म्हणजे आठवड्याच्या आतलीच, कारण सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान त्यांचे डोळे उघडतात. मनी आमच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत ना विनंती होती ना माफी. नुसतं लक्ष होतं.

मामाला दुसऱ्या दिवशी गाडी हवी होती. पिल्लं उचलून खोक्यात ठेवायला पाच मिनिटं लागली असती. पण एवढी लहान पिल्लं स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाहीत, आई सोबत नसली तर पावसाळी हवेत काही तासांत गार पडू शकतात. आणि मागच्या थंडीत वाडीतल्या एका गाडीत घडलेलं सगळ्यांच्या लक्षात होतं. रात्रभर इंजिनच्या उबेला बसलेलं पिल्लू, सकाळी मारलेला स्टार्टर, आणि फॅनच्या पात्यातून आलेला आवाज. त्या आवाजानंतर त्या घरात दिवसभर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

मामा बराच वेळ जीपकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दोन दिवस पोती टेम्पोनं आणू." बस्स. पाच मांजरांविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रार करणारा हाच माणूस!

मांजरी पिल्लं हलवते, हे तिच्या रक्तातच असतं. जागा गजबजली की ती स्वतःच नवी शोधते. आम्ही ताडपत्रीची एक बाजू मोकळी ठेवली, तिच्या वासाचं गोणपाट खोक्यात टाकलं, खाणं खोक्यापाशी ठेवलं आणि मुद्दाम जीपच्या आसपास भांडी घासणं, बोलणं, रेडिओ असा संसार सुरू केला. दुसऱ्या रात्री ती एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. आमच्या सुंदर, थर्माकोलवाल्या खोक्यात नाही. शेजाऱ्यांच्या सरपणाच्या खोपटात! तिसऱ्या आठवड्यात तिकडचा कंटाळा आला तेव्हा कुठे बाईसाहेब आमच्या खोक्यात राहायला आल्या.

ताई ठरल्या दिवशी लोकलने आली. जीप स्वच्छ होती. ती पुढच्या सीटवर बसली आणि पहिला प्रश्न तिने काय विचारला असेल? "पिल्लं कुठायत?"

सोम्या कुणाचा?

पण ही गोष्ट लिहायला घेतली ती जीपसाठी नाही. ती सोम्यासाठी.

सोम्या म्हणजे बॉनेटवरचा तो बोका. पिवळा, एक कान फाटका, आडदांड. हे नाव मामाने ठेवलं, कारण तो दर सोमवारी येतो. शनिवार-रविवार त्याचा पत्ता नसतो. मला वाटायचं हा मामाचा विनोद. मग मी पडवीतून आठवडे मोजले आणि विनोद खरा निघाला.

आमच्या पट्ट्यात वीकेण्डचे बंगले किती आहेत, तुम्हाला माहीत आहेच. तुमच्यातले निम्मे तिथे येऊन गेले असतील. शुक्रवारी रात्री दिवे लागतात, शनिवारी बार्बेक्यू पेटतो, म्युझिक लागतं, आणि कुणीतरी लाडाने तंदुरीचा तुकडा खाली टाकतं. सोम्याचा फोटो निघतो. तो फोटोत छान येतो हेही खरं. रविवारी संध्याकाळी गाड्या एक्स्प्रेस वेला लागतात, गेटला कुलूप पडतं. सोमवारी सकाळी बोका भुकेला, ओला आणि बॉनेटवर हजर. मग पाच दिवस तो गावाचा प्रश्न असतो. आणि त्या बंगल्यांच्या मागे मांजरीला पिल्लं होतात ती वीकेण्ड बघून होत नाहीत. मांजरीचे दिवस जेमतेम दोन महिन्यांत भरतात, आणि चार-पाच महिन्यांची मांजरी स्वतःच आई होऊ शकते. हिशेब तुम्हीच करा.

मनीची पिल्लं सुटी झाल्यावर मामाने स्वतः तिला टोपलीत घालून पशुवैद्याकडे नेलं आणि नसबंदी करून आणली. भूल उतरेपर्यंत ती टोपली त्याच्या मांडीवर होती. सोम्याला पकडायला मात्र तीन आठवडे लागले आणि दोघांचे हात ओरबाडून निघाले. नसबंदी झालेल्या बोक्याची फवारणी बहुतेक वेळा बरीच कमी होते. सोम्याची झाली. जीपसाठी केलेल्या सगळ्या उपायांत हा सगळ्यात टिकाऊ ठरला, आणि त्याचं बिल मामाने भरलं. ज्यांच्या तंदुरीवर सोम्या वाढला, त्यांच्यापैकी कुणालाही त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही.

तुमच्याकडे ओपन जीप असो की नसो, एवढं करून बघा:

• गाडी झाकण्याआधी आत बघा. सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, चाकांमागे नजर टाका. थंडीत आणि पावसात तर नक्कीच.

• गाडीत खाण्याचं, धान्याचं, मातीचं काही ठेवू नका. कव्हर ताणून, उतार देऊन बांधा.

• डांबरगोळ्या, फिनाईल, तिखट यातलं काहीही नको.

• गाडीपासून लांब एक कोरडी, उंच, उबदार जागा द्या. मांजराला गाडीच हवी असते असं नाही.

• भाड्याच्या बंगल्यात मांजराला खाऊ घालायचंच असेल तर तिथल्या केअरटेकरशी बोला. सोमवारी त्याला कोण घालणार ते विचारा. तुमचा ग्रुप बार्बेक्यूसाठी जेवढी वर्गणी काढतो, त्यातला थोडा वाटा एका नसबंदीसाठी ठेवा.

ताईला मुलगी झाली. रात्री अडीच वाजता, भर पावसात, त्याच जीपमधून मामाने तिला दवाखान्यात नेलं. मामी सांगते, एवढ्या घाईतसुद्धा किल्ली फिरवण्याआधी त्याने बॉनेटवर दोन थापा मारल्या.